खाटेपाशी आलेले मनाचे डॉक्टर



कुणी जरा वेगळं वागलं की आपल्याकडे लगेच एक वाक्य येतं. मुंबईकडे म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा." पुण्याकडे येरवड्याचं नाव निघतं, कोकणात रत्नागिरीचं, आणि नागपूरकडे तर सरळ 'पागलखाना' म्हणतात. या चारही ठिकाणी सरकारी मनोरुग्णालयं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून ती नावं आपल्या जिभेवर बसली. पण या थट्टेच्या पोटात एक भीती आहे. मनाचा आजार म्हणजे लांबची, उंच भिंतीआडची जागा, आणि तिकडे गेलेलं माणूस काही परत यायचं नाही, अशी ती भीती.

आता दुसरी गोष्ट बघा. आज तुम्ही जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात गेलात तर जिथे डोळ्याची, हाडाची, बाळंतपणाची ओपीडी असते, तिथेच एका दारावर 'मानसोपचार' अशी पाटी बहुधा दिसते. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात तर हे डॉक्टर आपल्या ओपीडीत बसून राहत नाहीत. सर्जरीच्या वॉर्डातून, प्रसूतीच्या वॉर्डातून, आयसीयूतून बोलावणं आलं की ते खाटेपाशी येतात, पेशंटशी बोलतात आणि केसपेपरवर आपलं मत लिहून जातात. याला वॉर्डात 'रेफरन्स' म्हणतात, कुणी 'कॉल' म्हणतात.

लांबच्या भिंतीआडून हे डॉक्टर आपल्या खाटेपर्यंत कसे आले, तो प्रवास आज आम्ही सांगणार आहोत. याचं कारण असं, की आमच्याशी बोलताना अनेक बायका एकच तक्रार करतात. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, आणि डॉक्टर म्हणाले तुम्हाला काही झालेलं नाही. मग मला त्रास होतोय तो काय खोटा आहे?" या प्रश्नाचं उत्तर या इतिहासात आहे.

भिंत आणि मॅजिस्ट्रेट

इंग्रजांच्या राज्यात १८५८ साली वेड्यांसाठीचा कायदा झाला आणि पुढे १९१२ साली 'इंडियन लुनसी अ‍ॅक्ट' आला. या कायद्याखाली माणसाला मनोरुग्णालयात भरती करायचं तर सहसा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. नातेवाइकांनी अर्ज करायचा, डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग हुकूम निघायचा. रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचे. स्वतःहून भरती होण्याची सोय कायद्यात होती, पण त्या वाटेनं जाणारे थोडे.

याचा अर्थ काय झाला, तो नीट बघू. ताप आला तर दवाखाना, आणि मन बिघडलं तर कोर्ट. आजारी माणसाच्या नावाला सरकारी कागदावर 'वेडा' किंवा 'वेडी' असा शिक्का. ज्या घरात लग्नाच्या मुली आहेत ते घर हा शिक्का कसा घेणार? मग लपवालपवी सुरू झाली. बाईला झटके येतात म्हणून तिला माहेरी पाठवून दिलं, अंगात येतं म्हणून देवळात नेऊन बसवलं, बाहेरचं झालं म्हणून मांत्रिक बोलावला. हे सारं अडाणीपणातून झालं असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण समोर दोनच दारं असतील, एक मांत्रिकाचं आणि एक मॅजिस्ट्रेटचं, तर माणसं कुठल्या दारात जातील?

तिसरं दार लागत होतं. रोजच्या दवाखान्याचं.

तिसरं दार उघडलं

ते दार आधी अमेरिकेत उघडलं. १९०२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावच्या जनरल हॉस्पिटलात डॉ. मॉशर यांनी मनाच्या आजारांसाठी वेगळा वॉर्ड सुरू केला. 'पॅव्हिलियन एफ' हे त्याचं नाव. वर्णमालेतलं एक अक्षर, बाकी काही नाही. बाकीच्या इमारतींसारखीच एक इमारत.

आपल्या देशात हा मान कोलकात्याचा. तिथे डॉ. गिरींद्रशेखर बोस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९२२ साली मनोविश्लेषणाचा अभ्यास करणारी भारतातली पहिली संस्था काढली होती. व्हिएन्नाच्या फ्रॉइडसाहेबांशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालायचा, आणि जे पटत नसे ते बोस सरळ लिहून कळवायचे. १ मे १९३३ या दिवशी त्यांनी कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मनाच्या आजारांची ओपीडी सुरू केली. तेच आजचं आर. जी. कार मेडिकल कॉलेज. साध्या जनरल हॉस्पिटलातली ही भारतातली पहिली मानसोपचार ओपीडी मानली जाते.

या ओपीडीत यायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागत नव्हता. सकाळी यायचं, केसपेपर काढायचा, डॉक्टरांशी बोलायचं, संध्याकाळी घरी स्वयंपाकाला हजर. शेजारणीला सांगायचं तर 'दवाखान्यात गेले होते' एवढंच पुरे. ही सोय वरवर लहान दिसते. पण घरची अब्रू सांभाळत जगणाऱ्या बाईसाठी ती फार मोठी होती.

पाच वर्षांनी, १९३८ साली, मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात डॉ. के. आर. मसानी यांनी अशीच ओपीडी सुरू केली. पुढे परळच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. एन. एस. वाहिया यांनी मानसोपचार विभाग उभा केला. परळ म्हणजे तेव्हाचं गिरणगाव. या हॉस्पिटलाच्या आसपास चाळी होत्या, खानावळी होत्या, साताऱ्या-कोकणातून आलेली कामकरी माणसं होती. वाहियांनी पुढच्या काळात योगातल्या कल्पना घेऊन मनाच्या आजारांवर उपचार करून पाहिले आणि त्याचे निष्कर्ष डॉक्टरांच्या मासिकांत मांडले. सांगायचं हे, की आपल्या महाराष्ट्रातही हे काम स्वातंत्र्याच्या आधीपासून सुरू आहे. ही काही कालपरवाची शहरी फॅशन नव्हे.

जळितांच्या वॉर्डातला धडा

पण ओपीडी उघडणं वेगळं आणि दुसऱ्या डॉक्टरच्या वॉर्डात जाऊन पेशंटच्या खाटेपाशी बसणं वेगळं. ही दुसरी गोष्ट का लागते, हे जगाला एका आगीनं शिकवलं.

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतल्या बोस्टन शहरात 'कोकोनट ग्रोव्ह' नावाच्या नाइट क्लबला आग लागली. ४९२ माणसं गेली. वाचलेली भाजलेली माणसं शहरातल्या हॉस्पिटलांत आणली. त्यातलं एक मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. तिथे भाजलेल्या कातडीवर उपचार करणारे उत्तम डॉक्टर होते. पण जखमा भरत असूनही काही पेशंट सुधारेनात. कुणाला झोप नाही, कुणी जेवायला तयार नाही, कुणी गप्पगप्प. कुणाचा नवरा त्या आगीत गेला होता, कुणाची बायको. मग मनाच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. डॉ. कॉब आणि डॉ. लिंडेमान हे त्या वॉर्डात आले.

लिंडेमान यांनी पेशंटशी आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांशी बोलून जे टिपलं, ते १९४४ साली एका निबंधात मांडलं. दुःख शरीरात कसं दिसतं, ते त्यात आहे. घसा आवळल्यासारखा होतो, श्वास पुरत नाही, वारंवार सुस्कारे येतात, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतं, हातापायांतलं बळ जातं. या लाटा येतात, वीस मिनिटं ते तासभर राहतात आणि ओसरतात. कुणी सांत्वनाचे दोन शब्द बोललं की पुन्हा येतात.

मैत्रिणींनो, यातलं नवीन काय आहे असं तुम्ही म्हणाल. आपल्या भाषेत हे सगळं आधीपासून आहे. गळ्यात आवंढा येतो, पोटात खड्डा पडतो, पायाखालची जमीन सरकते, काळजाचं पाणी होतं. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. नवीन एवढंच होतं की एका मोठ्या हॉस्पिटलात, एका डॉक्टरनं, हे आजाराच्या कागदावर लिहिलं. दुःखाला रडायला, बोलायला वाट मिळाली नाही तर ते अंगात साचतं, आणि ती वाट करून देणं हेसुद्धा उपचाराचं काम आहे, असं त्यांनी सांगितलं.

त्याच्या थोडं आधी, १९३४ च्या सुमाराला, रॉकफेलर फाउंडेशननं अमेरिकेतल्या काही जनरल हॉस्पिटलांना मानसोपचार विभाग उभे करायला पैसे दिले होते. त्यातल्या डेन्व्हरच्या हॉस्पिटलात डॉ. बिलिंग्ज काम करत. बोलावणं आलं की जाणं एवढ्यावर ते थांबले नाहीत. वॉर्डातल्या डॉक्टरांबरोबर आणि विद्यार्थ्यांबरोबर नेहमीचा राबता ठेवायचा, म्हणजे पेशंटच्या मनाकडे बघायची सवय त्यांनाही लागेल, असा त्यांचा विचार होता. आजही हे काम या दोन पायांवर उभं आहे. एक, बोलावल्यावर येऊन सल्ला देणं. दोन, वॉर्डाशी कायमचं नातं ठेवणं. सगळीकडे माणसं कमी, त्यामुळे पहिला पाय चालतो आणि दुसरा लंगडतो.

एका सर्जनचं औषध, आणि तंबूतली माणसं

आता परत आपल्या देशात येऊ. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी, हे सांगणारा हा मोठा अहवाल. त्यात मनोरुग्णालयांची स्थितीही आहे. सबंध देशात मिळून सुमारे १० हजार खाटा होत्या, म्हणजे साधारण ४० हजार माणसांमागे एक. भिंती कितीही वाढवल्या तरी हे गणित सुटणारं नव्हतं. मनाचे आजार साध्या हॉस्पिटलात आणण्यावाचून वाट नव्हती.

पण फार चिडलेल्या, भास होणाऱ्या पेशंटला साध्या वॉर्डात ठेवायचं कसं? याचं उत्तर ऑपरेशन थिएटरच्या वाटेनं आलं. फ्रान्समध्ये लाबोरी नावाचे एक सर्जन होते. ऑपरेशनच्या वेळी पेशंट शॉकमध्ये जाऊ नये म्हणून ते औषधं शोधत होते. त्यातल्या एका औषधानं पेशंट शुद्धीत राहूनही शांत होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९५२ साली पॅरिसच्या मनोरुग्णालयात ते औषध वापरलं गेलं. क्लोरप्रोमझीन त्याचं नाव. साखळदंड आणि कोठडी यांच्या जागी गोळी आली. या औषधालाही त्रास आहेत, त्याचा अतिवापरही झाला. पण साध्या हॉस्पिटलात मानसोपचाराचा वॉर्ड चालवणं त्यानंतरच सोपं झालं.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर प्रमुख होते. जागा कमी, माणसं कमी. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि पेशंटच्या घरच्यांना सांगितलं, तुम्हीही इथेच राहा. आई, बायको, भाऊ पेशंटबरोबर राहू लागले. उपचार कसा होतो ते बघू लागले, एकमेकांशी बोलू लागले. मग पेशंट बरा झाला की त्याला घरी न्यायला कुणी कचरत नव्हतं, कारण त्याला कुणी टाकलेलंच नव्हतं. तमिळनाडूत वेल्लोरलाही डॉ. फ्लॉरेन्स निकोल्स या बाईंनी त्याच दशकात घरच्यांना बरोबर ठेवून उपचाराची पद्धत सुरू केली.

साध्या हॉस्पिटलातल्या मानसोपचार वॉर्डांनी हीच रीत उचलली. १९६३ साली चंडीगडच्या पीजीआय संस्थेत डॉ. विग यांनी विभाग सुरू केला. तिथून आणि अशा अनेक विभागांतून शिकलेले डॉक्टर देशभर गेले. आपल्याकडे हॉस्पिटलात पेशंटबरोबर घरचं माणूस थांबतंच. ते माणूस बहुतेक वेळा बाई असते. सासूच्या उशाशी सून, नवऱ्याच्या उशाशी बायको, लेकीच्या उशाशी आई. मनाच्या डॉक्टरांची सर्वांत मोठी माहितीदार तीच.

वॉर्डात ते येतात तेव्हा

ते नेमकं काय करतात, ते आता उदाहरणांनी सांगतो. ही उदाहरणं कुण्या एकीची नाहीत, रोज कुठे ना कुठे घडणारी आहेत.

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री त्या सुनेला ओळखेनात, सलाइन उपसू लागल्या, मेलेल्या बहिणीशी बोलू लागल्या. सकाळी जरा बऱ्या, रात्री पुन्हा तेच. जुनी माणसं म्हणायची, "वात झालाय." तो शब्द बरोबर आहे. हे वेड नव्हे. रक्तातलं मीठ कमी होणं, लघवीत जंतू होणं, एखादं औषध न मानवणं, अशा कारणांनी म्हातारपणात मेंदू गोंधळतो. मनाचे डॉक्टर येऊन हे ओळखतात आणि मूळ कारण शोधायला सांगतात. चष्मा लावा, कानाचं यंत्र द्या, रात्री मंद दिवा ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसवा, हेही सांगतात. उपचारातला निम्मा भाग हाच.

नवऱ्याचा पाय मोडला, अ‍ॅडमिट केलं. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम फुटला, अंगावर किडे चढतायत म्हणून तो चादर झटकू लागला. हा रोज पिणारा माणूस आहे आणि हॉस्पिटलात दारू एकदम बंद झाली, हे कुणी डॉक्टरांना सांगितलेलंच नाही. लाजेनं बायको गप्प राहते. मैत्रिणींनो, हे लपवू नका. अचानक दारू तुटल्यावरचा हा त्रास जिवावर बेतू शकतो आणि वेळेवर कळला तर त्यावर चांगले उपचार आहेत.

टीबीची काही औषधं, विशेषतः साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची, मनावर परिणाम करतात. माणूस संशयी होतो, खचतो. थायरॉइड कमी झाली तरी बाई थकलेली, उदास, हळू होते. म्हणून चांगला मनाचा डॉक्टर आधी शरीराच्या तपासण्या बघतो. तोही एमबीबीएस झालेलाच असतो.

आणि बाळंतीण. दर हजार बाळंतपणांत एकदोन बायकांना पहिल्या पंधरवड्यात मनाचा तीव्र आजार होतो. झोप उडते, बडबड वाढते, बाळ आपलं नाहीच असं वाटतं. ही तातडीची वेळ असते. उपासतापास, उतारे यांत दिवस घालवले तर आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो. लगेच उपचार मिळाले तर बहुतेक आया बऱ्या होतात. २०१७ च्या कायद्यात यासाठी एक कलम आहे. मनाच्या आजारावर उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये, असं ते सांगतं.

जीव वाचला, पुढे काय?

आता जड विषय. एखादी बाई जगण्याला कंटाळून काही करून बसते. हॉस्पिटलवाले रात्रभर झटून तिचा जीव वाचवतात. चौथ्या दिवशी डिस्चार्ज. कागदावर लिहिलेलं असतं, 'चुकून घेतलं.' तिला कुणी विचारलेलं नसतं की बाई गं, काय झालं होतं? आणि ती त्याच घरात, त्याच त्रासात परत जाते.

असं होण्यामागे एक जुना कायदा आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानात ३०९ वं कलम होतं. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा त्यात होती. म्हणजे मरता मरता वाचलेली बाई आरोपी. घरचे घाबरून खोटं सांगायचे, डॉक्टरही पोलिसांची झंझट नको म्हणून फार खोलात जायचे नाहीत. ज्या घटकेला मनाच्या डॉक्टरांची सर्वांत जास्त गरज, त्याच घटकेला खरं बोलायची चोरी.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, हे बदललं. असा प्रयत्न करणारी व्यक्ती अतिशय ताणाखाली होती असं धरून चालायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही, आणि तिची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य, असं तो सांगतो. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात जुनं ३०९ कलम घेतलेलंच नाही. केसपेपरवर 'एमएलसी' अशी नोंद आजही होते, पोलीस जबाबाला येतात. सासरच्या छळाची तक्रार असेल तर ती नोंद उपयोगाचीच आहे. पण खरं सांगितलं म्हणून त्या बाईला शिक्षा होईल ही भीती आता धरू नका. डिस्चार्जच्या आधी मनाच्या डॉक्टरांना बोलवा, असं मागा.

कागदावर समान, वॉर्डात अजून नाही

कायद्याची भाषाही किती बदलली बघा. १९१२ साली 'लुनॅटिक' म्हणजे वेडा. १९८७ च्या कायद्यात 'मानसिक आजार असलेली व्यक्ती'. आणि २०१७ च्या कायद्यात थेट हक्क. मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखीच वागणूक मिळाली पाहिजे, अ‍ॅम्ब्युलन्सपासून विम्यापर्यंत, असं तिथे लिहिलं आहे. मधल्या काळात १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि १९९६ पासून तो जिल्ह्याजिल्ह्यांत जायला लागला. सिव्हिलमधली पाटी दिसते ती त्यातून.

तरी कमी काय आहे? २०१६ साली निम्हान्स संस्थेनं देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. दर १०० मोठ्या माणसांत १० ते ११ जणांना त्या वेळी मनाचा कुठला ना कुठला आजार होता, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. एवढ्या माणसांना पुरतील इतके मनाचे डॉक्टर नाहीत. शिवाय एमबीबीएसच्या शिक्षणात मानसोपचाराची वेगळी परीक्षा आजही नाही. त्यामुळे वॉर्डातला तरुण डॉक्टर रक्तदाब विचारतो, साखर विचारतो, पण "झोप लागते का? जगावंसं वाटतं का?" हे विचारायची त्याच्या जिभेला सवय नसते. आणि त्यानं बोलावणं धाडलं नाही तर मनाचा डॉक्टर येणार कसा? तो त्याच इमारतीत दोन मजले वर बसलेला असतो.

म्हणून तो 'रिपोर्ट नॉर्मल'चा प्रश्न. रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ एवढाच, की जे तपासलं त्यात दोष सापडला नाही. दुखणं खोटं, असा त्याचा अर्थ होत नाही. छातीत धडधड, सततचं अंग दुखणं, डोक्यात मुंग्या, हे मनाच्या त्रासातून येतं तेव्हाही ते खरंखुरं दुखतं. बोस्टनच्या वॉर्डात ऐंशी वर्षांपूर्वी हेच लिहिलं गेलं. आपल्याला त्यासाठी कुणी 'नाटकं करते' म्हणत असेल, तर त्याला अर्धंच वैद्यक ठाऊक आहे. मात्र दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. तपासण्या न करताच कुणी "टेन्शन आहे, दुसरं काही नाही" म्हणून वाटेला लावत असेल, तर आधी तपासण्या मागा. बायकांच्या छातीतलं दुखणं टेन्शनवर ढकललं आणि ते हृदयाचं निघालं, असंही होतं.

पेशंटजवळ बसलेल्या बाईच्या हातात मग काय आहे? चार गोष्टी आहेत. पेशंट आधी कसा होता आणि कधीपासून बदलला, हे दिवस धरून सांगणं. दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या, गावठी औषधं, जे काही चालू असेल ते न लपवता सांगणं. राउंडच्या वेळी मोठ्या डॉक्टरांना सरळ म्हणणं, "साहेब, यांना मानसोपचाराचा रेफरन्स द्याल का?" किंवा "मॅडम, मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या का?" आणि डॉक्टर आले की पेशंटला त्यांच्याशी एकटं बोलू देणं. सुनेला सासूसमोर आणि बायकोला नवऱ्यासमोर जे सांगता येत नाही, तेच बऱ्याचदा दुखण्याचं मूळ असतं.

हॉस्पिटल लांब असेल, किंवा रात्री-अपरात्री कुणाचं मन फार खचलं असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. २०२२ साली तो सुरू झाला. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि जिवाला लगेच धोका दिसत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, जवळच्या हॉस्पिटलात न्या.

मैत्रिणींनो, बोस डॉक्टरांनी ओपीडी उघडली तेव्हापासून नव्वदावर वर्षं झाली. मॅजिस्ट्रेट गेला, साखळदंड गेले, ३०९ कलम गेलं. ही कामं मोठ्या माणसांनी केली. आता उरलंय ते दोन मजल्यांचं अंतर. ते एका वाक्यानं तुटतं, आणि ते वाक्य बोलायला कुठलीही पदवी लागत नाही. पुढच्या वेळी कुणाच्या उशाशी बसाल तेव्हा ते बोलून बघा, आणि काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.